फुरशाची घोडी

माझी धाकटी जाऊ मेली तेव्हा तिच्या हिरड्यांतून, नाकातून आणि लघवीतून रक्त जात होतं. आमच्या कामण गावाच्या वरच्या उतारावर गवत कापताना तिला फुरसं चावलं होतं. फुरसं हातभरही लांब नसतं. दगडाखाली वेटोळं करून बसतं आणि अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज काढतं. नाग चावला तर माणूस लवकर जातो. फुरसं चावलं तर तो बसून बोलतो, पेज पितो आणि आतल्या आत फुटत जातो. जावेला सरकारी दवाखान्यात सापावरचं इंजेक्शन दिलं, मग परत दिलं, मग आणखी दिलं. रक्त थांबलं नाही. शेवटी तिची उशी पिळली असती तर निथळली असती.

त्याच दवाखान्यात मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डाव्या हाताची करंगळी मुळापासून नाही. त्या डॉक्टर वाटत नव्हत्या आणि नर्सही वाटत नव्हत्या. जावेच्या खाटेशी आल्या, तिच्या दंडातून थोडं रक्त काढलं, काचेच्या नळीत घातलं आणि नळी खिडकीत उभी करून ठेवली. भात शिजायला लागतो तेवढा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मग नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं या टोकापासून त्या टोकाला गेलं.

"गोठत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. नळीला बूच लावलं, पिशवीत घातली आणि चालत्या झाल्या.

माझा दीर दारात उभा होता. "ती मरतेय, आनि ही बया तिचं रगत घेऊन चालली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जाऊ गेली. दवाखान्यातल्या कुणीतरी दिराला सांगितलं होतं, की हे औषध घोड्याच्या रक्तापासून काढतात. घोड्याला आधी सापाचं विष टोचतात. दिराने त्यातलं एवढंच धरलं: घोड्याला विष टोचतात, आणि तेच रक्त माझ्या बायकोच्या अंगात घातलं. त्यापुढचं त्याला कुणी सांगू गेलं तर तो अंगावर धावून यायचा. एकाचे दात पाडले त्याने याच गोष्टीवरून.

आणि वर्षभरात त्याच बाई आमच्या दारात आल्या. त्यांना रस्त्यालगत जागा हवी होती. आमची गवताची जुनी वखार रिकामी पडली होती. माझ्या नवऱ्याने भावाला न विचारता ती त्यांना भाड्याने दिली. दिराला कळलं तेव्हा दोघे भाऊ अंगणात एकमेकांना भिडले. सासू मध्ये पडली आणि तिचाच हात मुरगळला. पण वखार बाईंची झाली. आणि तिथं झाडलोट करायला, जनावर सांभाळायला बाईंनी मला ठेवलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. बाटल्यांवरचे आकडे वाचता येत होते, तेवढं त्यांना पुरलं.

जनावर म्हणजे घोडी. वसई स्टेशनाबाहेर रिक्षा वाढल्या आणि टांगेवाले एकेक करून घोडे विकायला लागले, तेव्हाची ती. तांबडी, हाडं वर आलेली, तोंड लगामाने फाटलेलं. पहिल्या महिन्यात तिने मला दोनदा चावलं. मी तिच्या नाकाडावर मुठीने मारलं. त्यानंतर आमचं बरं चाललं.

बाई विरारला एका फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. मूळच्या देशावरच्या. लग्न केलं नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत त्यांनी आयुष्य घालवलं होतं. अंगात शिरलेल्या विषाशी, रोगाशी शरीर कसं भांडतं, एवढंच त्यांचं काम. तरुणपणी फुरशाचं विष काढताना त्याने त्यांच्या करंगळीला चावा घेतला. बोट काळं पडलं आणि कापावं लागलं. "बरं झालं," त्या म्हणायच्या, "आतून कसं वाटतं ते कळलं."

त्यांचं म्हणणं साधं होतं. औषधासाठी विष आणतात ते लांबच्या मुलखातल्या फुरशांचं. इथल्या फुरशाचं विष वेगळं. म्हणून इथली माणसं औषध घेऊनही मरतात. संस्थेतले साहेब हसायचे. साप तो साप, म्हणायचे. बाई गावोगावच्या दवाखान्यांत जाऊन मरणाऱ्यांचं रक्त नळीत घ्यायच्या ते यासाठी.

एकदा मी विचारलं, "माझ्या जावेच्या रक्ताचं काय केलं?"

"साहेबांच्या टेबलावर नेलं," बाई म्हणाल्या. "त्यांना म्हटलं, हिला तुमचं औषध पोटभर दिलं होतं. आणि बूच काढून नळी आडवी केली. सगळं त्यांच्या कागदांवर पसरलं. ते खुर्चीसकट मागं पडले."

"मग?"

"मग मला घरी बसवलं."

मला त्या क्षणी हसू आलं. जावेचं रक्त होतं, तरी आलं.

त्यांनी घरी न बसता आमच्या वखारीत काम सुरू केलं. गवत कापणारे आदिवासी फुरशी पकडून डब्यातून आणून द्यायचे. बाई चिमट्याने त्यांची मुंडी धरून विष काढायच्या. त्या विषाचा राईएवढा अंश तेलकट द्रवात कालवून घोडीच्या मानेत टोचायच्या. मान नारळाएवढी सुजायची. कधी फुटायची, पू यायचा. मी धुवायची. घोडी थरथरायची, दोन दिवस चाऱ्याला तोंड लावायची नाही, मग उठायची. की बाई पुन्हा टोचायच्या, आधीपेक्षा थोडं जास्त.

"मरत कशी नाही ही?" मी विचारलं.

"मरेल एवढं देतच नाही मी. त्याहून कमी देते आणि तिला राग येण्याची वाट बघते. रागाने तिच्या रक्तात जे तयार होतं, ते मला हवंय."

राग मला समजत होता. आमच्या घरात तो रोजचा होता. नवरा मारायचा, घोड्याचा वास येतो म्हणून मारायचा, उशीर झाला म्हणून मारायचा. एकदा मी घमेलं उचलून त्याच्या कपाळावर घातलं. त्यानंतर तो आधी बघून मग मारायचा.

गावाने तिचं नाव फुरशाची घोडी पाडलं. तिच्या रक्तात विष भरलंय, असं सगळे मानायचे. तिच्या शेणाला कुणी हात लावत नव्हतं. तिची माशी बसली तर हात धुवायचे. मी किती सांगितलं, की अरे बाबांनो, विष तिने कधीच पचवलं, आता तिच्या रक्तात उतारा आहे. सासू म्हणायची, "इखाच्या मडक्यात दूध कसं ऱ्हाईल गे?"

दिवाळीनंतर बाईंनी घोडीचं थोडं रक्त काढून पाहिलं. नळीत फुरशाचं विष घातलं, त्यात घोडीच्या रक्तावरचं पिवळं पाणी मिसळलं आणि मग त्यात माणसाचं रक्त. थांबल्या. नळी आडवी केली. रक्त हललं नाही. थिजलेल्या खिरीसारखं जागीच राहिलं.

बाई खाली मातीत बसल्या. "जमलं," म्हणाल्या. "आता हिला आठवडाभर खाऊ घाल, विश्रांती दे. मग भरपूर रक्त काढू. ते घेऊन मी पुन्हा त्या टेबलासमोर उभी राहणार."

इतक्या वर्षांचं सगळं त्या एका जनावराच्या अंगात होतं. दुसरी घोडी घ्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि घेतली असती तरी पुन्हा पहिल्या थेंबापासून सुरुवात करावी लागली असती.

तेव्हा कामणच्या रस्त्यावर गोदामं उभी राहायला लागली होती. एका बिल्डरला आमची वखार हवी होती. नवरा हो-नाही करत होता. बिल्डरच्या माणसांनी दिराला हाताशी धरलं, त्याला दारू पाजली आणि त्याच्या बायकोची आठवण करून दिली. त्याला तेवढं पुरेसं होतं.

ते आले ते भर दुपारी. बाई स्टोव्हवर सुया उकळत होत्या. रक्त दुसऱ्या दिवशी काढायचं होतं आणि बाटल्या धुऊन, रक्त गोठू नये म्हणून आत क्षार घालून, मांडून ठेवल्या होत्या. मी घोडीला पाणी दाखवत होते. जीपचा आवाज आला. दीर आणि बिल्डरची दोन माणसं. दाराला मी आतून कडी लावली. दिराने दाराचा पत्रा धरून ओढला, तो फाटला आणि त्याचा तळवा कापला गेला. रक्ताळलेल्या हाताने तो आत आला. उजव्या हातात कोयता.

"वैनी, बाजूला हो."

"भावोजी, पिऊन आलात. घरी जा."

"आज हिला खलास करतो. माझी बायको खाल्ली हिने."

"तुमच्या बायकोला वाचवलं असतं असं औषध आहे हे, अक्कलशून्य माणसा!"

बाई मध्ये आल्या. बिल्डरच्या एका माणसाने त्यांच्या खांद्यावर सळई घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, ओली फांदी मोडावी तसा. बाई टेबलावर कोसळल्या. मी फावडं उचलून त्या माणसाच्या पाठीत घातलं. तो वळला, त्याने माझे केस धरून मला खांबावर आपटलं. माझा वरचा एक दात तिथंच पडला.

तेवढ्यात दीर घोडीच्या मागं गेला. घोड्याच्या मागं जाऊ नये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण त्याने गुडघ्याखाली कोयता मारला आणि मागच्या पायाची धोंडशीर तुटली. घोडी किंचाळली. घोडी किंचाळते तेव्हा एखादी बाईमाणूस किंचाळल्यासारखंच वाटतं. दुसऱ्या पायाने तिने लाथ झाडली, ती दिराला न लागता दुसऱ्या माणसाला लागली. त्याचा जबडा एका बाजूला गेला. दिराने पुन्हा कोयता मारला. रक्ताची चिळकांडी उडाली ती त्याच्या तोंडावर, डोळ्यांत, आणि त्या कापलेल्या तळव्यावर.

तो थांबला. तळव्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"इख," तो म्हणाला. "इख गेलं आत. आये, इख गेलं!"

कोयता टाकून तो पळाला. त्याला पळताना बघून दुसरे दोघेही पळाले. जबडा मोडलेला ओरडायचा प्रयत्न करत होता, पण त्याला ओरडता येत नव्हतं.

घोडी खाली पडली होती. उठायला बघायची आणि पुन्हा पडायची. मी म्हटलं, "गुरांच्या डॉक्टरला आणते."

बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. एक हात लोंबत होता. "तो काय करणार? पायाची ही शीर तुटली की घोडा उभा राहत नाही. तो तिला मारायची सुई देईल. ते औषध रक्तात गेलं की सगळं वाया."

"म्हणजे?"

"पाय आवळून बांध. रक्त मातीत जाऊ देऊ नकोस. सुया उकळल्यात. आत्ता काढायचं."

मला कळलं त्या काय म्हणतायत. उद्या तिला झेपेल तेवढंच काढून घोडी जिवंत ठेवायची होती. आज ती मरणारच होती, म्हणून आज सगळं काढायचं होतं. ती जिवंत असताना. कारण मेल्यावर रक्त वाहत नाही.

मी खाटेची सुंभाची दोरी काढून घोडीचा पाय मांडीपासून आवळला. मग तिच्या मानेवर बसले. बाईंनी एका हाताने मानेतली रक्ताची शीर चाचपली आणि जाड सुई खुपसली. नळीतून रक्त बाटलीत पडायला लागलं. बाटली भरली की बाई नळी चिमटायच्या, मी बाटली सरकवायची, दुसरी लावायची. काळं, गरम रक्त. बाटल्या हाताला धारोष्ण दुधासारख्या ऊन लागत होत्या.

घोडी सुरुवातीला झगडली. मग पाय असे हलवायला लागली, जणू टांगा ओढतेय. मग तेही कमी झालं. तिची हिरडी पांढरी पडली. डोळा उघडा होता आणि त्यात मी दिसत होते.

"पुरे आता," मी म्हटलं. "सोडवा तिला."

"अजून येतंय."

"तुम्ही बाई आहात की कसाई? राक्षशीण, भाडखाऊ..." आणि आमच्याकडे ज्या शिव्या देतात त्या सगळ्या मी दिल्या.

"दे शिव्या," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, मोडलेला खांदा काळानिळा झाला होता. "पण मान सोडू नकोस."

मी मान सोडली नाही. बाटल्या संपल्या तेव्हाही ती श्वास घेत होती. बाईंनी सुई काढली. त्यांच्याकडे तिला मारायचं काही नव्हतं. दिराचा कोयता तिथंच पडला होता. मी तो घेतला आणि तिच्या गळ्यावर चालवला. एका घावात झालं नाही.

रक्त थंड ठेवून त्याच दिवशी मुंबईला न्यायचं होतं. रस्त्यावरून अर्नाळ्याची मासळी घेऊन एक टेम्पो भिवंडीकडे जायचा. मी रस्त्यात आडवी उभी राहिले. माझ्या तोंडातून रक्त गळत होतं, लुगडं भिजलेलं. ड्रायव्हरने ब्रेक मारला. मागं पाट्यांवर बसलेली मासळीवाली म्हातारी ओरडली.

"मरायचं हाय तर रेल्वेखाली जा गं! माझा टेम्पो कशाला बाटवतंस?"

"बर्फ दे."

"कशाला?"

"रक्त ठेवायचंय."

"कुनाचं? नवऱ्याचं?"

"घोडीचं."

म्हातारी खाली उतरली, वखारीत डोकावली, मेलेली घोडी बघितली, बाईंचा लोंबणारा हात बघितला. "ही डॉक्टरीण आनि तू, दोघी येड्या," म्हणाली. "माझ्या पापलेटांना रगताचा वास लागंल."

"तुझ्या पापलेटांना आत्ता काय गुलाबाचा वास आहे?"

ती हसली. अर्धी मासळी एका पाटीत कोंबून तिने दोन पाट्या आतला बर्फ तसाच ठेवून रिकाम्या केल्या. बाटल्या थेट बर्फावर ठेवायच्या नाहीत, रक्त फुटतं, असं बाई म्हणाल्या, म्हणून मध्ये पोती घातली. ड्रायव्हरला शिव्या घालून म्हातारीनेच टेम्पो भिवंडीऐवजी वसई स्टेशनाकडे वळवायला लावला. तिथून बाईंनी टॅक्सी केली. हाड बसवून घ्यायच्या आधी त्यांनी रक्त संस्थेत पोचवलं. तिथं त्यांचा एक जुना सहकारी होता, त्याने मागच्या दाराने घेतलं.

इकडे दीर धावत भगताकडे गेला होता. आमच्याकडे साप चावला की भगत दंडाला दोरी बांधतो. ज्याने बांधली त्यानेच सोडायची, दुसऱ्याने सोडली तर विष काळजात चढतं, असा नेम. साप चावल्याची खूण नाही, चावलेला साप नाही, तरी भगताने बांधली. जाळ्याचा नायलॉन, चार वेढे, कोपराच्या वर. तळव्याला चिरा दिल्या, कडुनिंब चावायला लावला. दिराला कडू लागलं नाही म्हणे. दारूने जीभ मेली होती, पण भगताने ते विषाचं लक्षण धरलं. आणि मग भगत डोंगरावरच्या पाड्यात लग्नाला गेला. लग्न म्हणजे ताडी. तो लवकर परतणार नव्हता.

मी घरी आले तेव्हा दीर ओट्यावर पडला होता. हात जांभळा. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, हात गळ्यात बांधलेला. मीच त्यांना निरोप पाठवला होता.

"दोरी सोडा," बाई म्हणाल्या. "विष नाहीये त्या रक्तात. असतं तर मी कालच मेले असते, अंगभर होतं माझ्या. हात जाईल याचा."

दीर उठून बसला. "माझ्या बायकोचं रगत नेलंस. आता माझा हात न्यायला आलीस?"

"आज सोडली तर वाचेल. उद्या नाही."

"बघा, हात काला पडला. इख नाय तर मग काय हाय ते?"

"दोरी आहे ती, मूर्खा!"

सासूने बाईंच्या अंगावर शेणाचा गोळा फेकला. मी बोलत बसले नाही. विळी घेतली आणि नायलॉन कापायला वाकले. एक वेढा कापलाही. दिराने माझ्या पोटात लाथ घातली, आणि नवऱ्याने मागून माझा विळीचा हात धरून मला अंगणात फरफटत नेलं.

"त्याला मारतंस? विधवा केलंस घराला!" सासू ओरडत होती. विधवा कोण, हे तिलाच माहीत.

नवरा माझ्या पाठीवर गुडघा ठेवून बसला. बाई तिथं उभ्या होत्या. त्यांच्या साडीवरून शेण ओघळत होतं. त्यांनी आणखी एकदा, अगदी हळू आवाजात, दिराला समजावलं. मग गेल्या.

भगत परत आला तेव्हा हात कोळशासारखा झाला होता आणि वास येत होता. भगताने नियमाप्रमाणे दोरी सोडली, कोंबडं कापलं. दोरी सोडल्यावर दीर तापाने फणफणला. दवाखान्यात नेला, तिथं हात खांद्याखाली कापला. गाव म्हणालं, बघा, घोडीच्या रक्ताने हात सडवला. ज्यांनी आधी विश्वास ठेवला नव्हता, त्यांनीही आता ठेवला. पोलिसांत बाईंनी तक्रार दिली. पोलीस आले, घोडीचा सांगाडा बघून नाक दाबून गेले. नवऱ्याने वखार बिल्डरला दिली. आज तिथं गोदाम आहे.

हिवाळा संपता संपता बाई मला मुंबईला घेऊन गेल्या. त्यांच्या सहकाऱ्याने पिवळं पाणी गाळून, साफ करून औषध केलं होतं. त्याने आम्हाला उंदरांचे पिंजरे दाखवले. दोन्ही पिंजऱ्यांतल्या उंदरांना आमच्या डोंगरावरच्या फुरशाचं विष दिलं होतं. एकात विषाबरोबर दवाखान्यातलं औषध, दुसऱ्यात घोडीचं. पहिल्या पिंजऱ्यात उंदीर उताणे पडले होते, नाकाशी रक्त. दुसऱ्या पिंजऱ्यात ते एकमेकांच्या अंगावर चढून दाणे खात होते. एकाने दुसऱ्याचा कान चावला.

साहेबही आले होते. तेच, ज्यांच्या कागदांवर माझ्या जावेचं रक्त सांडलं होतं. त्यांनी दोन्ही पिंजरे पाहिले. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर होतं."

बाईंनी मान हलवली.

"पण हे औषध माणसाला देता येणार नाही," ते म्हणाले. "जखमी जनावर, गोठ्याची जमीन, उघड्यावर काढलेलं रक्त. तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर मी जिन्यातच त्यांचा चांगला हात धरला. "म्हणजे एकाही माणसाला नाही?"

"नाही."

"मग मी तिच्या मानेवर कशाला बसले होते?"

"मी बरोबर आहे हे त्यांच्याकडून वदवून घ्यायला. आता ते घोडी देतील, नीट गोठा देतील, नियमाने करता येईल."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं," त्या म्हणाल्या. "पण त्याचा उपयोग नाही." आणि जिना उतरायला लागल्या. मी तिथं उभी राहिले. त्यांना त्या जिन्यावरून ढकलून द्यावं असं मला वाटलं, आणि मी त्यांच्या मागून उतरले.

संस्थेवाले घोडी देतो म्हणाले, पण जागा देईनात. मुंबईत साप आणि घोडी एकत्र कोण ठेवू देणार? माझ्या माहेरी खाडीच्या अंगाला भावाची केळीची वाडी होती. तिथला गोठा पक्का, फरशी घातलेला. भावाने कुरकुर केली. मी त्याला सांगितलं, वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी कधी मागितला नाही, हा गोठा दे आणि गप्प बस. त्याने दिला. नवऱ्याला मी सांगितलं की मी चालले. त्याने काठी उचलली. मी उंबऱ्यातली विळी उचलली. असे आम्ही थोडा वेळ उभे राहिलो, आणि मग त्याने काठी टाकली. त्यानंतर मी त्या घरात राहायला गेले नाही. दीर मला बाजारात दिसायचा, एका हाताने भाजी निवडताना. तो माझ्याकडे बघायचा नाही.

दुसरी घोडी ट्रकने आली. काळी, तरुण, कधी कुणी न जुंपलेली. तिच्या डोळ्यांतच दिसत होतं की ही मारणार. संस्थेने एक माणूस दिला होता. तो गोठ्याबाहेरच उभा राहिला. पहिली सुई टोचायचा दिवस. फरशी धुतलेली, बाटल्या उकळलेल्या, बाईंनी हातमोजे घातलेले. त्यांचा बसवलेला खांदा अजून पुरता वर होत नव्हता.

मी घोडीचं तोंड आखूड दोराने धरलं. बाई मानेशी आल्या, कापूस लावला. घोडीने अंग झटकलं, मला गव्हाणीवर दाबलं आणि गुडघा उचलून माझ्या बरगडीत हाणला. आत काहीतरी मोडलं. मला श्वास घेता येईना, तोंड उघडलं तरी हवा आत जाईना. दोर हाताला गुंडाळलेला होता म्हणून मी खाली पडले नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग घोडीच्या मानेकडे पाहिलं. घोडी क्षणभर शांत उभी होती. बाईंनी सुई घातली, विष सावकाश आत ढकललं, शेवटपर्यंत. सुई काढून टोचलेल्या जागेवर कापूस दाबून धरला. त्यांच्या मनासारखं होईपर्यंत धरला.

मग सुई ताटात ठेवली, हातमोजे काढले आणि माझ्याकडे येऊन माझ्या फासळ्या चाचपायला लागल्या.